आधी कोण उठलं?

मावशी, आधी कोण उठलं, हा वाद तू अर्धवट सोडून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस.

अगदी शेवटच्या आठवड्यात, नाकात ऑक्सिजनची नळी असताना, तू वॉर्डातल्या नर्सला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होतीस, "ही दिसते तशी नाहीये हं. दुसऱ्या टीमच्या ग्राउंडवर, त्यांच्या माणसांच्या मधोमध उभी राहून ओरडली होती." मी म्हटलं, "मी नाही. आधी तू उठलीस." तू डोळे मिटूनच मान हलवलीस. "तू." "नाही, तू." नर्सने तुझं ब्लडप्रेशर बघितलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. दारापर्यंत गेले तर मागून तुझा आवाज आला. बारीक होता, पण ठाम. "तूच."

क्रिमेटोरियममध्ये सगळे छान बोलले. एक्स-रे डिपार्टमेंटमधली तुझी नोकरी, मंडळाच्या गणपतीतले तुझे मोदक, काका गेल्यावर तू एकटीने सावरलेलं घर. माझी पाळी आली तेव्हा मी उठले, सगळ्यांकडे बघितलं आणि परत बसले. तुला हसू आलं असतं. "झालं? संपलं भाषण?" म्हणाली असतीस.

तेव्हा जमलं नाही म्हणून आता लिहिते. लिहिताना मला कोणी बघत नसतं.

तुझ्याकडे बर्मिंगहॅमला, हार्बोर्नच्या घरी, आले तेव्हा मी बोलत नसे, हे तुला आईने फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं. "तिला जरा बोलतं कर गं." जसं काही मी बिघडलेला रेडिओ होते. पुण्यातल्या आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, आणि इंग्रजी चुकलं की सगळा वर्ग हसायचा. मी त्यातून सोपी वाट काढली होती. गप्प बसायचं. त्या वाटेने कॉलेज झालं, पदवी झाली, इथल्या एका बँकेच्या ऑफिसात नोकरीसुद्धा लागली. पण इथे फोन उचलावा लागे. माझं लिहिलेलं इंग्रजी स्वच्छ होतं, आणि फोनवरचं बर्मिंगहॅमचं इंग्रजी मात्र कानावरून निघून जायचं. मी "सॉरी?" म्हणायचे. पुन्हा "सॉरी?" म्हणायची हिंमत व्हायची नाही.

संध्याकाळी बसमधून उतरून घरी आले की तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस, "काय मौनीबाबा, आज किती वाक्यं?"

आणि शनिवारी मॅच. तू म्हणजे मी आयुष्यात पाहिलेली एकमेव मराठी बाई, जिच्या देवघराच्या शेजारी फुटबॉल क्लबचं कॅलेंडर होतं. काका गेल्यावर त्यांचं सीझन तिकीट, म्हणजे वर्षभराची ठरलेली खुर्ची, तू बंद केलं नव्हतंस. ती खुर्ची रिकामी ठेवून शेजारी बसायचीस. मी आल्यावर ती मला मिळाली. पहिल्या मॅचला मी विचारलं, "तुला हे कधीपासून आवडायला लागलं?" तू म्हणालीस, "आवडायचं काय त्यात? नवीन आले तेव्हा सोमवारी सकाळी पेशंट यायचे. भेदरलेले, शर्ट काढून गारठ्यात उभे. त्यांच्याशी बोलू काय? हवामान एका मिनिटात संपतं. मग काका म्हणाले, स्कोअर लक्षात ठेवून जा. बघ, मग माणसं श्वास धरायला सांगितलं तरी बोलायची थांबेनात."

तुझे गुडघे तेव्हाच गेले होते. गोल झाला की तू डावा हात माझ्या उजव्या खांद्यावर टाकायचीस, सगळं वजन त्यावर द्यायचीस आणि उठायचीस. तू उठलीस की मग मी उठायचे. ओरडायचीस तू. मी टाळ्या वाजवायचे, हातमोजे घालून.

जानेवारीत माझ्या प्रोबेशनचा रिव्ह्यू होता, सोमवारी. माझी मॅनेजर हेलन चांगली होती, पण दोनदा म्हणाली होती, "तू फार क्वाएट आहेस." इथे हे कौतुक नसतं हे मला कळायला वेळ लागला. त्या आठवड्यात मी कॉलिंग कार्डवरून आईला सांगून टाकलं की मी परत येतेय. ते मला काढायच्या आत मीच नाही म्हणणार होते. तू बाजूला भाजी चिरत होतीस. फोन ठेवल्यावर समजावशील, रागावशील, म्हणून मी तयार होते. तू म्हणालीस, "जा की. कोण अडवतंय? पण शनिवारी मॅचला चल. त्यांच्याकडे आहे."

त्यांच्याकडे! शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या त्या वैरी टीमच्या ग्राउंडचं नावसुद्धा काका घरात घेऊ देत नसत. इतक्या वर्षांत तू तिथे पाय ठेवला नव्हतास. पाहुण्या टीमच्या लोकांसाठी तिथे वेगळा कोपरा असतो, त्याची तिकिटं केव्हाच संपली होती. पण तुझ्या डिपार्टमेंटमधला ब्रायन, जन्मापासून त्यांचा, बायकोला घेऊन स्पेनला निघाला होता. त्याने त्या दोघांच्या सीझन तिकिटांची कार्डं तुला दिली. जागा त्यांच्या लोकांच्या ऐन मधोमध. देताना तो म्हणाला, "प्लीज, तिथे नीट वागा. तुम्ही कोणाच्या आहात हे कळलं तर माझी जागा जाईल. ती आधी माझ्या वडिलांची होती."

तू त्याच्यापुढे गळ्याची शपथ घेतलीस. बसमध्ये मला नियम सांगितलेस. आपल्या टीमचं निळं काही दिसता कामा नये. त्यांचा गोल झाला तर उठायचं, थोड्या टाळ्या वाजवायच्या. आपला झाला तर बुटांकडे बघायचं. "तुला काय, सोपंच आहे," म्हणालीस. "तुझा जन्म गेलाय त्यात. काळजी माझीच आहे." कोटाची वरची गुंडी लावलेली होती, पण आत तो निळा स्वेटर होता. मी पाहिला होता. मी काही बोलले नाही, अर्थात.

शेजाऱ्याशी बोलायचं नाही, हा नियम करायला मात्र तू विसरलीस. आदल्याच दिवशी संक्रांत झाली होती.

ते ग्राउंड आपल्यापेक्षा चांगलं होतं, हे आता तू नाहीस म्हणून लिहायची हिंमत करते. जिने रुंद होते, चहा गरम होता. तू एकेक गोष्ट बघून नाक मुरडत होतीस. "काय करायचंय एवढं रुंद?" आपल्या जागेवर पोचलो. माझ्या उजवीकडे तू, तुझ्या पलीकडे तो. टक्कल, मानेवर गोंदलेलं क्लबचं चिन्ह, आणि बसल्यावर दीड खुर्ची व्यापणारा देह.

"ब्रायन कुठाय?" त्याने विचारलं.

"स्पेनला. आम्ही त्याच्या हॉस्पिटलमधल्या."

"ऑल राइट, बॅब. मी डेव्ह."

आपल्याला बॅब, म्हणजे बाळा, म्हणणारं अख्खं शहर आहे हे, पण तुला ते ऐकलं की दर वेळी आनंद व्हायचा. त्या आनंदात तू पर्समधून स्टीलचा डबा काढलास, झाकण उघडलंस आणि तिळगुळाचा लाडू त्या माणसाच्या पुढे धरलास. शेजारी बसलेल्या माणसाला संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिळगूळ दिल्याशिवाय तुला राहवलंच नसतं, मग तो कोणत्याही टीमचा असो.

"हे काय?"

"खायचं. पण एक अट आहे. हे खाल्लं की माझ्याशी वर्षभर गोड बोलायचं."

"वर्षभर?"

"वर्षभर."

त्याने लाडू तोंडात टाकला. तुझे लाडू म्हणजे, मावशी, माफ कर, पण ते फोडायला खलबत्ता लागायचा. त्याच्या दाढेखाली काहीतरी मोठ्याने वाजलं. मला वाटलं, संपलं. त्याने बोटाने दाढ चाचपली, मग म्हणाला, "अजून एक मिळेल?"

पहिला अर्धा तास तो रेफरीच्या आईपासून आजीपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होता, आणि दर शिवीनंतर तुझ्याकडे वळून "सॉरी, बॅब, तुला नाही" म्हणत होता. तू मोठ्या मनाने मान हलवायचीस आणि डबा पुढे करायचीस. मला मजा वाटायला लागली होती. भीती होतीच, पण तिच्या खाली मजा होती. चारी बाजूंनी शत्रू, आणि मधोमध आपण दोघी, गुंड्या लावून, तीळ खात.

आणि मग, उत्तरार्धात, आपल्या उजव्या बाजूच्या पोराने बॉल पुढे घेतला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि जाळी हलली.

यापुढचं तुझं म्हणणं असं: "ही माझ्या शेजारून ताडकन उठली आणि अशी किंचाळली की मला वाटलं हिला विंचू चावला. मग तिला खाली ओढायला मी तिचा कोट धरला, तर तिच्याबरोबर मीच वर आले."

माझं म्हणणं असं की मी बुटांकडे बघत होते.

आठवतंय एवढं की आपण दोघी उभ्या होतो, आपल्या दोघींची तोंडं उघडी होती, आणि आजूबाजूची हजारो माणसं बसलेली होती. लांब त्या कोपऱ्यात आपले लोक नाचत होते. तुझी गुंडी सुटली होती आणि कोटातून निळा स्वेटर दिसत होता.

मागून कोणीतरी ओरडलं, "जिथून आलात तिथे परत जा!"

तू वळलीस. "हार्बोर्नला? आत्ता? शनिवारी बस मिळते का रे वेळेवर?"

दोघंतिघं हसले. बाकीचे नाही हसले. पिवळ्या जाकिटातला एक माणूस, तिथला स्टुअर्ड, खुर्च्यांमधून वाट काढत आला. "कोणाच्या जागा आहेत या?"

मला ब्रायनचे वडील आठवले. त्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं. तुझं तोंड पहिल्यांदाच बंद झालेलं मी बघितलं. आणि तेवढ्यात डेव्ह, गालात तिळगूळ तसाच ठेवून, म्हणाला, "ब्रायनच्या. या त्याच्या कझिन्स."

स्टुअर्डने तुझ्या टिकलीकडे बघितलं. माझ्या वेणीकडे बघितलं. "कोणत्या बाजूच्या?"

"आईच्या," डेव्ह म्हणाला. "जाऊ दे रे. मी यांचं गोड खाल्लंय. वर्षभर गोड बोलायचं कबूल केलंय. तू पण एक खा."

स्टुअर्डने लाडू घेतला नाही, पण नावही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "इथे नाही बसता येणार, लेडीज. चला माझ्याबरोबर, तुमच्या लोकांकडे सोडतो." आणि त्याने आपल्याला खाली नेलं, मैदानाच्या कडेने, गवताला लागून.

मावशी, मी शाळेत बक्षीस घ्यायलासुद्धा स्टेजवर गेले नव्हते. वर्गशिक्षिकेने ते घरी पाठवलं होतं. आणि आता मी भरलेल्या स्टेडियमच्या पुढून चालत होते. एक बाजू बोटं दाखवून निरोपाचं गाणं म्हणत होती. तू गुडघ्यांमुळे हळू चालत होतीस, आणि सगळ्यांना हात हलवून दाखवत होतीस, नुकतीच निवडून आल्यासारखी. अर्ध्या वाटेत थांबलीस. मला वाटलं, दम लागला.

"अगं, डबा!"

मागे वळून बघितलं तर वर डेव्ह उभा होता, डबा डोक्यावर धरून हलवत. जाऊन आणायला स्टुअर्डने साफ नकार दिला. तू पुढची सगळी वाट "चांगला घट्ट झाकणाचा होता" म्हणत राहिलीस.

आपल्या कोपऱ्यात पोचलो तेव्हा तिथल्या माणसांनी आपल्याला असं आत ओढून घेतलं, जसं काही गोल आपणच केला होता. कोणीतरी मला निळा मफलर घातला. "ओरड की, बॅब, आता ओरड!" आणि मग मी ओरडले. याबद्दल वाद नाही. ऑफसाइडवर ओरडले, थ्रो-इनवर ओरडले, शेवटी त्यांनी बरोबरीचा गोल केला तेव्हा रेफरीला मराठीत काय म्हणाले ते तू ऐकलंस आणि म्हणालीस, "हे तुझ्या आईला सांगणार नाही मी."

सोमवारी रिव्ह्यूला गेले तर घशातून आवाज येईना. हेलनने कागद समोर ठेवले आणि विचारलं, "बरी आहेस ना?" मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "मॅच." ती म्हणाली, "कोणत्या बाजूला होतीस?" मी म्हटलं, "दोन्ही." मग सगळं सांगावं लागलं. कझिन्सपाशी आल्यावर तिने हात वर केला. "थांब. मैदानाच्या कडेने? त्या तुम्ही होतात? माझा नवरा होता तिथे! घरी येऊन तेच सांगत होता!" तिने दार उघडून अजून दोघांना बोलावलं आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांग." घसा दुखत होता. मी पहिल्यापासून सांगितलं.

प्रोबेशन काही संपलं नाही, पुढे तीन महिने वाढलं. पण जेवणाच्या सुट्टीत लोक माझ्या टेबलाशी येऊन बसायला लागले, आणि फोनवर मला दुसऱ्यांदा "सॉरी?" म्हणता यायला लागलं. मी आईला सांगितलं, एवढ्यात काही येत नाही मी. आणि का, ते कार्ड संपेपर्यंत सांगत राहिले. ती म्हणाली, "बघ, किती बोलायला लागलीस."

तू तर ती गोष्ट मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगितलीस. हॅरोहून आलेल्या पाहुण्यांना सांगितलीस, रीडिंग गावच्या लग्नात नवऱ्यामुलाच्या आजीला सांगितलीस. दर वेळी उठलेली मीच असायचे, आणि दर वेळी माझी किंचाळी थोडी मोठी व्हायची. अनोळखी बायका मला म्हणायच्या, "तूच ना ती?" मी नाही म्हणायचे. मग त्या मला बोलतं करायला यायच्या, आणि मी बोलायचे, कारण त्यांनी जी मुलगी ऐकली होती तिला गप्प बसणं शोभलं नसतं. तेव्हा मला वाटायचं, तू चिडवतेस.

आता तुला एक बातमी. डबा परत आला.

क्रिमेटोरियमनंतर चहाच्या वेळी ब्रायन एका धिप्पाड माणसाला घेऊन आला. काळा सूट, मानेवरचं चिन्ह कॉलरमधून डोकावत होतं. ब्रायनची जागा अजून शाबूत आहे, तेव्हा ती काळजी नको. डेव्हने डबा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "इतकी वर्षं माझ्याकडे खिळे होते यात," तो म्हणाला. "स्वच्छ धुतलाय. ब्रायनने सांगितलं, तुमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत." आत त्याच्या बायकोने केलेली लोण्याची बिस्किटं होती. मऊ. तुला चालली नसती.

मी ठरवलं, साक्षीदार समोर आहे, एकदाचा निकाल लावून टाकू. विचारलं, "डेव्ह, त्या दिवशी आधी कोण उठलं? मावशी की मी?"

त्याने टक्कल खाजवलं. मग खजील होऊन म्हणाला, "काय सांगू, बॅब. गोल खाल्ला होता आम्ही. मी डोकं हातात धरून बसलो होतो."

झालं. एकच साक्षीदार, आणि तोही असला.

परवा शनिवारी आपल्या ग्राउंडवर गेले. तुझी खुर्ची तशीच ठेवली आहे. तू काकांची ठेवली होतीस तशी. तिच्यावर डबा ठेवला. थंडी होती, मॅच कंटाळवाणी होती, तू असतीस तर पहिल्या वीस मिनिटांत चौघा खेळाडूंना बाहेर काढायला सांगितलं असतंस. आणि मग अचानक कॉर्नरवरून गोल झाला. सगळं स्टँड उठलं. पुढचे उठले, मागचे उठले, मला मैदान दिसेना. मी बसूनच होते. दुखत नव्हतं काही, रडतही नव्हते. मी नुसती उजवा खांदा जरा कडक करून बसले होते, दर वेळी बसते तशी.

मागच्या रांगेतले म्हातारे गृहस्थ वाकून म्हणाले, "गोल झालाय, बॅब."

"हो, माहितेय," मी म्हटलं. "थांबलेय जरा."

आणि मग कळलं, कशासाठी.

तर मावशी, हा घे पुरावा. तुझा हात खांद्यावर पडल्याशिवाय मी आजवर उठलेच नाहीये. मला उठताच येत नाही. त्या दिवशीही आधी तूच उठली होतीस, माझ्यावर सगळं वजन टाकून, आणि मग घरी येऊन तो सगळा पराक्रम माझ्या नावावर करून टाकलास. नर्सलासुद्धा तेच सांगून गेलीस. वाद मी जिंकलेय. आता बोल.

काही बोलली नाहीस, म्हणून मीच उठले. डब्यावर हात टेकला, उभी राहिले आणि घसा फाटेस्तोवर ओरडले.

तोवर बाकी सगळे खाली बसले होते.